बाळारामकाकांचे तेवीस सोयरे

बाळारामकाका कीबोर्डवरचं एंटरचं बटण बोटाने दाबत नाहीत. शर्टाच्या खिशातून एक चपटा पितळी हुक काढतात, त्याची लाकडी मूठ तळहातात नीट बसवतात, आणि हुकाचं टोक त्या बटणावर इतकं हलकेच टेकवतात, की वाटावं बटणाखाली कुणीतरी झोपलंय. बाकीची सगळी बटणं बोटाने. एंटर फक्त हुकाने. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ओढायचं काम हुकाचं. बोटाचं न्हाय."

काका आमच्या काल्हेरच्या बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या खालच्या घरात राहतात. मूळचे शेलार गावचे. पस्तीस वर्षं त्यांनी भिवंडीत भरणी केली. भरणी म्हणजे काय हे मला काकांनीच सांगितलं. मी जन्मापासून भिवंडीच्या आसपास राहते, पण लूमचा खडखडाट ऐकणं वेगळं आणि लूम माहीत असणं वेगळं. कापड विणायला घ्यायच्या आधी उभा धागा, म्हणजे तार, एकेक करून लोखंडी सळ्यांच्या बारीक डोळ्यांतून ओवून घ्यावी लागते. अशा हजारो तारा. हे काम एकट्याने होत नाही. एक जण मागे बसून तार निवडून देतो, दुसरा समोर बसून डोळ्यातून हुक घालतो आणि ती ओढून घेतो. एक देणारा, एक घेणारा. मध्ये धाग्यांचा पडदा. काका घेणारे होते.

आता ते भरणी करत नाहीत, पण नियम सुटलेला नाही. कुठलंही काम करायचं तर एकाने द्यायचं, एकाने घ्यायचं. काकू लसूण देणार, काका सोलणार. काकू चिमटा देणार, काका कपडा दोरीवर घालणार. काकू म्हणतात, यांना साधी गोळी घ्यायची तरी मी हातावर ठेवावी लागते, स्वतःच्या हाताने घेतली तर लागू पडत नाही.

माझी त्यांच्याशी ओळख लिफ्टमध्ये झाली. मी मानकोलीच्या एका गोदामासाठी काम करते. कुठला माल कुठल्या फळीवर ठेवलाय हे सांगणारं सॉफ्टवेअर बरोबर चालतं का, ते तपासायचं. लोकांशी फारसं बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडतं. त्या दिवशी माझ्या हातात लॅपटॉप होता. काकांनी तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत त्याच्याकडे पाहिलं आणि तिसरा मजला यायच्या आत विचारलं, "तुला कंप्युटरच्या आतलं कळतं का गो?"

मी म्हटलं, "थोडं."

शाळेत असल्यापासून माझं हे सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर आहे. थोडं म्हटलं की पुढचा प्रश्न सहसा येत नाही. काकांनी मात्र लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं. "थोडंच पायजे," ते म्हणाले. "रविवारी ये."

त्यांच्याकडे लग्न होऊन डोंबिवलीला गेलेल्या मुलीचा जुना कंप्युटर होता. तिच्या डिप्लोमाची पुस्तकं वाचून, समासात मराठीत अर्थ लिहून लिहून, काका बरंच काही शिकले होते. आज्ञा टाइप करता येत होत्या, फाइली उघडता येत होत्या. त्यांना हवं होतं ते एकच. कापड पडद्यावर काढून बघायचं होतं. तारेला तार लावून, आडवा धागा उभ्या धाग्याच्या वरून जातो की खालून हे दाखवत, एवढं मोठं की प्रत्येक तार मोजता येईल.

कशासाठी? तर शमीमभाईंची चूक सिद्ध करण्यासाठी.

शमीमभाई म्हणजे काकांचे देणारे. दोघांनी अठ्ठावीस वर्षं धाग्यांच्या पडद्याच्या दोन बाजूंना बसून काम केलं. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, फक्त बोटं दिसायची, आणि आवाज. काका सांगतात, शमीमला सर्दी झाली की मला बोटांवरून कळायचं. मग अकरा वर्षांपूर्वी एका बिमात, म्हणजे तारा गुंडाळलेल्या मोठ्या रुळात, चूक झाली. निळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचं, तिरप्या विणीचं कापड होतं. सगळा बीम विणून झाला, कापड धुऊन आलं आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ दिसली. सेठने दोघांना उभं केलं आणि विचारलं, कुणाची चूक? काका म्हणाले, शमीमने तार चुकीची दिली. शमीमभाई काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते कामाला आले नाहीत आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

"देनाऱ्याची चूक आन घेनाऱ्याची चूक येगळी दिसते," काकांनी मला समजावलं. देणाऱ्याने निळ्याऐवजी पांढरी तार दिली तर रंग चुकतो, पण विणीची तिरपी रेघ तशीच पुढे जाते. घेणाऱ्याने तार भलत्या डोळ्यातून ओढली तर रंग जागच्या जागी राहतात आणि तिरपी रेघ तुटते. नुसत्या डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून दोन्ही चुका पडद्यावर मोठ्या काढायच्या आणि त्या बिमाचा जो तुकडा काकांनी अकरा वर्षं कपाटात जपला होता, तो शेजारी धरायचा.

मी म्हटलं, त्यापेक्षा मोबाइलने तुकड्याचा फोटो काढून मोठा करू या का? एका मिनिटात कळेल.

काका माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "मोबाइल सगळ्यांना गोरं करून दाखवतो. त्याची साक्ष चालनार न्हाय."

काकू आतून म्हणाल्या, "शमीमभाईच्या घरी जायला रिक्षानं वीस मिनटं लागतात. यांनी रस्ता धरलाय कंप्युटरवरून."

तर, कंप्युटरला चित्र काढायला लावायचं म्हणजे चित्रं काढणारी लायब्ररी बसवायला हवी. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. रेघ कशी ओढायची, रंग कसा भरायचा, हे आपल्याला नव्याने लिहावं लागत नाही. पण ही लायब्ररी एकटी येत नाही. तिला चालायला आणखी लायब्रऱ्या लागतात आणि त्यांना आणखी. आज्ञा दिली की कंप्युटर सगळ्यांची यादी दाखवतो आणि विचारतो, हे सगळे बसवू का, हो की नाही? जगातली सगळी माणसं यादी न वाचता हो म्हणतात. मी तर कधी पाहिलीही नव्हती.

काकांनी मात्र यादी मोजली. तेवीस नावं होती.

"तेवीस जन घरात घ्यायचे आन कोन हाय ते इचारायचं न्हाय?" काका म्हणाले आणि शाळेची दोनशे पानी वही उघडली. मग आमची पद्धत ठरली. मी देणारी, ते घेणारे. मी एक नाव वाचायचं. काका विचारणार, "हा कोनाचा कोन?" मी मोबाइलवर शोधून सांगायचं की हा अक्षरं काढणाऱ्याचा मदतनीस, याच्यावाचून त्याचं चालत नाही. काका वहीत लिहिणार: अक्षरवाल्याचा भाचा. मग पुढचं नाव. एकावेळी एकच बसवायचा. त्याची आज्ञा टाइप करायची आणि हुकाने एंटर.

आठव्या नावाला गाडी अडली. ती आवाजाची लायब्ररी होती.

"आवाजाचं काय काम? कापड गातं का?"

मी सांगितलं की ही चित्रांची लायब्ररी मुळात खेळ बनवणाऱ्यांसाठी आहे, खेळात आवाज लागतो, म्हणून तो सोबत येतोच. काकांनी बराच विचार केला आणि वहीत लिहिलं: वाजंत्री. न बोलावता. त्याच्या पुढचा निघाला खेळाची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, ओळखणारा. त्याला त्यांनी 'वाजंत्र्याचा मित्र, जेवायला आलाय' अशी जागा दिली.

एका रविवारी दोन लायब्रऱ्यांचं पटेना. एकीला तिसरीची जुनी आवृत्ती हवी होती, दुसरीला नवी. माझ्या ऑफिसात यावर लोक तासन्‌तास शिव्या देतात. काका खुश झाले. "जावा-जावा हायेत," ते म्हणाले. "एकीला जुनी चूल पायजे, एकीला नवी. दोघींना येगळं काढ." आणि खरंच, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्यावर काम झालं. आणखी एका रविवारी कंप्युटरने सांगितलं की दुसरा कुणीतरी आधीच काहीतरी बसवतोय, थांबा. ते त्याचं स्वतःचंच नेहमीचं अपडेट होतं. मी ते बंद करायला निघाले, तर काकांनी माझा हात थांबवला. "आत कोनतरी हाय. दार वाजवू नको." मग आम्ही चहा घेतला. आतला माणूस बाहेर यायला पाऊण तास लागला. काका मधूनमधून पडद्याकडे बघून मान वळवत होते, जसं आपण बंद मोरीच्या दाराकडे बघत नाही.

तेविसावा सोयरा घरात येईपर्यंत साडेबारा वाजलेले असायचे. आतून कोळंबीचा वास यायचा, काकू ताटं घ्यायच्या आणि काका हुक खिशात ठेवायचे. "बाकीचं पुढच्या रविवारी."

कापड काढणारा प्रोग्रॅम मी दुसऱ्याच आठवड्यात लिहून दिला होता. काही ओळींचाच होता. तारांची एक यादी, डोळ्यांची एक यादी. त्यातला एक आकडा बदलला की चूक कुणाची ते बदलायचं. पण तो चालवून बघायची वेळ येईना. कारण पुढच्या रविवारी मी खाली गेले की काका कपाळाला हात लावून सांगायचे, "गेलं गो. आठवड्यात कायतरी ढिलं पडलं. पुन्यांदा बसवू." आणि बघावं तर खरंच लायब्ररी नसायची. तेवीसच्या तेवीस सोयरे पसार. पुन्हा वही, पुन्हा कोण कोणाचा कोण. उत्तरं आता दोघांनाही पाठ झाली होती, तरी काका प्रत्येक वेळी विचारायचे आणि मी प्रत्येक वेळी सांगायची. वाजंत्र्याचं नाव आलं की दोघंही थोडं हसायचो.

मला वाटलं, हार्ड डिस्क खराब झाली असेल. बोलले नाही. रविवारी सकाळी कुठेतरी जायचं असतं आणि तिथे माझ्या नावाची एक खुर्ची असते, याची मला सवय होत चालली होती, हेही कुणाला बोलले नाही.

सातव्या रविवारी वॉचमनने खालून हाक मारली. काकांच्या स्कूटरसमोर कुणीतरी टेंपो लावला होता. काका भांडायला खाली गेले. काकू आत कोळंबी सोलत होत्या. मी रिकामी बसले होते, आणि तपासणं हे माझं कामच आहे. काय कधी बसवलं आणि कधी काढलं याची नोंद कंप्युटर ठेवतो. ती मी उघडली.

रविवारी बसवलं. शनिवारी काढलं. रविवारी बसवलं. शनिवारी काढलं. अशा सहा जोड्या होत्या. काहीही ढिलं पडलं नव्हतं. काढायचं तर कंप्युटर पुन्हा एकदा विचारतो, खरंच काढू का? सहा शनिवार कुणीतरी त्याला हो म्हटलं होतं.

माझ्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये दोन चित्रंही होती. तारीख मी प्रोग्रॅम दिल्याच्या लगेचच्या सोमवारची. एका फाइलचं नाव 'शमीम', दुसरीचं 'मी'. दोन्ही उघडली. काकांनी सांगितलं होतं तसंच होतं; एकात रंग चुकलेला, दुसऱ्यात तिरपी रेघ तुटलेली. तो कापडाचा तुकडा वहीखाली घडी करून ठेवला होता. इतक्या रविवारी त्यांनी मला तो लांबूनच दाखवला होता. मी एक घडी उलगडली, मोबाइलचा कॅमेरा वर धरला आणि मोठं करून पाहिलं.

निळा निळ्याच्या जागी होता. पांढरा पांढऱ्याच्या. तिरपी रेघ चालत चालत यायची, आणि तुटायची.

काका टेंपोवाल्यावर विजय मिळवून वर आले, हात पुसले, खुर्चीत बसले, हुक काढला. "हां. दे."

पडद्यावर यादी होती. पहिलं नाव मला न बघताही म्हणता आलं असतं.

"शमीमभाई," मी म्हटलं.

हुक एंटरच्या वर थांबला. डाव्या हातातलं पेन मात्र सवयीने वहीकडे गेलं, आणि सवयीनेच काकांच्या तोंडून निघालं, "हा कोनाचा कोन?"

"तुमचा."

पंख्याच्या वाऱ्याने वहीचं पान उडत होतं. काकांनी ते दाबून धरलं आणि तेव्हा त्यांना तुकड्याची उलगडलेली घडी दिसली. ते रागावले नाहीत. हुक खिशात ठेवायला गेले, तर खिसा सापडेना, दुसऱ्यांदा सापडला.

"त्याच दिवशी कळलं होतं," काका म्हणाले. "ओढताना बोट अडकलं. वाटलं, एका तारेनं काय होतंय. मंग सेठनं इचारलं तवा तोंडातून त्याचं नाव निघून गेलं."

मी म्हटलं, मग कंप्युटर कशाला?

"वाटलं, तो तरी माझ्या बाजूनं बोलंल."

मग वही मिटून त्यांनी विचारलं, "तू येशील? हे एकट्यानं होनार न्हाय."

जेवण झाल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन्ही चित्रं छापून घेतली आणि रिक्षा केली. वीस मिनिटंच लागली. काकूंचा हिशेब बरोबर होता. शमीमभाई एका लूमच्या शेडमागे, वरच्या मजल्यावर राहतात. खालच्या खडखडाटाने जिन्याचा कठडा थरथरत होता. दार त्यांनीच उघडलं. बारीक, उंच, पांढरी दाढी. काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काकांकडे. काका उंबऱ्यावर चपला घालूनच उभे राहिले. इतक्या वर्षांचं तोंडपाठ केलेलं सगळं विसरल्यासारखे. शेवटी त्यांनी कागद आणि कापडाचा तुकडा माझ्या हातात दिला. मी ते शमीमभाईंना दिलं. पद्धत चुकवायची नव्हती.

शमीमभाई खिडकीपाशी गेले. दोन्ही कागद बघितले, तुकडा त्यांच्या शेजारी धरला, नखाने तिरपी रेघ मोजत गेले. रेघ तुटली होती तिथे नख थांबलं. मग त्यांनी काकांना नाही, मला विचारलं, "म्हणजे ये गलती मेरी नहीं है?"

मी म्हटलं, "नाही. तुमच्या सगळ्या तारा बरोबर आहेत."

ते पलंगावर बसले. मग हळूहळू, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत सांगितलं. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता; ऑपरेशन नंतर झालं. काम जाईल म्हणून कुणाला सांगितलं नाही. निळं-पांढरं नीट दिसायचंच नाही, जागेच्या अंदाजाने तार द्यायचे. सेठने विचारलं तेव्हा त्यांना स्वतःलाच वाटलं, चूक आपलीच. अकरा वर्षं तेच वाटत होतं.

"हर ईदला वाटायचं, जाऊन सांगतो, बाळ्या, माझंच चुकलं," शमीमभाई म्हणाले. "फिर सोचता, हा लगेच म्हणेल, हो, तुझंच."

काकांचा हात खिशावर होता, हुकाच्या मुठीवर. खाली एक लूम बंद पडला, कुणीतरी कुणाला तरी ओरडलं, लूम पुन्हा सुरू झाला.

"चपला काढ आधी," शमीमभाई म्हणाले. "दारात उभा राहून माफी मागतात का?"

काकांनी अजून माफी मागितलीच नव्हती. त्यांनी चपला काढल्या.

मी पुढच्या रविवारी खाली जायचं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. काम संपलं होतं. चूक सापडली होती. तरी नऊ वाजता पाय खाली गेले. दार उघडंच होतं. माझ्या खुर्चीत शमीमभाई बसले होते. समोर तीच तेवीस नावांची यादी. काकांनी लायब्ररी मुद्दाम बसवली नव्हती. शमीमला बसवायचं कसं ते दाखवायला नको का, असं त्यांचं म्हणणं. शमीमभाई एकेक इंग्रजी अक्षर सुटं वाचत होते, काका वही उघडून बसले होते, आणि दोघांचं वाजंत्र्यावरून वाजलं होतं. शमीमभाईंचं मत, आलाय तर बसू दे. काका म्हणत होते, न बोलावता आलाय, बाहेर काढ.

मी दारातूनच मागे फिरले. दोघं देणारे-घेणारे पुरे झाले होते.

"कुठं चाललीस गो?" काका मान न वळवता म्हणाले, आणि त्यांनी हुकाने डावीकडे दाखवलं. तिथे तिसरी खुर्ची मांडलेली होती. तिच्यावर वही होती, पेन होतं.

"आता लिहायला कोनतरी पायजे ना," काका म्हणाले. "हां शमीम, दे."